विंचू कुठवर उतरला

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी, चपलेखाली गोगलगाय आली तर दिवसभर पाय झटकणारी. आणि अशा बाईला संशोधनासाठी विषय मिळाला विंचवाचा. विंचवाच्या विषाने कीटकाच्या मज्जातंतूचं आणि स्नायूचं आपसातलं बोलणं कसं बिघडतं, हे मला शोधायचं होतं. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे. इथले बहुतेक जण मासळीवर काम करत आणि मलाही एखादा गरीब मासाच हवा होता. पण माझे मार्गदर्शक म्हणाले, "मासे सगळेच करतात. तुमच्याकडे दगड उचलला की लाल विंचू मिळतो. तो सोडून मासे कसले करता?" त्यांचं काय जात होतं सांगायला? ते पुण्यात पंख्याखाली बसून सांगत होते, आणि दगड उचलायचा होता आम्हाला.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. नवरा बोटीवर होता, सहा-सात महिने पत्ता नसे. कॉलेजच्या मागच्या आळीत भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि माझी सहा वर्षांची लेक, एवढंच आमचं घर.

दगड उचलायचं काम मात्र मला कधी करावं लागलं नाही. ते आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका करायचे. लांज्याकडच्या एका खेड्यातले, पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, बोलणं कमी. कॉलेजच्या आवारातच एका खोलीत राहत. रविवारी सकाळी गावामागच्या खडकाळ सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत जायचे, लोखंडी सळीने जांभ्याचे तुकडे उलटे करायचे आणि लांब चिमट्याने नांगी धरून विंचू बरणीत टाकायचे. एकही मारत नसत. कारण काका विंचू उतरवणारे होते. त्यांच्याकडे मंत्र होता, ग्रहण लागलं की नदीत उभं राहून ते तो पुन्हा जागवायचे. ज्याच्याकडे मंत्र आहे त्याने विंचू मारायचा नाही, उतरवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, असा त्यांचा नेम. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी महिन्यातून दोनतीन माणसं तरी हात धरून कण्हत यायची.

मला याची गंमत वाटायची. पुढच्या दाराने विज्ञान आणि मागच्या दाराने मंत्र, असं मी स्टाफरूममध्ये हसत सांगायचे. काकांनाही एकदा चिडवलं, "काका, तुमचा मंत्र आपल्या प्रयोगातल्या झुरळावर चालतो का बघू या." ते म्हणाले, "झुरळाला इचारनार कसं, बाई? कुठवर आला ते त्यानं सांगाया नको?"

त्यांची रीत तशीच होती. हाताला चावलं असेल तर माणसाला उंबऱ्यावर बसवायचं. अघाड्याचं वाळलेलं मूळ खांद्यापासून बोटांपर्यंत ओढत आणायचं, तोंडाने पुटपुटायचं आणि मधे मधे विचारायचं, "कुठवर आला?" माणूस म्हणायचा, खांद्यात आहे. मग कोपरात. मग मनगटात. शेवटी बोटात, आणि मग गेला. माणूस चालत घरी जायचा.

आमचा प्रयोगही काही फार वेगळा नव्हता, फक्त आम्ही झुरळाला तोंडाने विचारत नव्हतो. झुरळाचा मागचा पाय मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी बसवायचा, मिठाच्या पाण्याने ओला ठेवायचा. पायाला बारीक दोरा, दोऱ्याला तरफ, तरफेचं टोक फिरत्या नळकांड्यावरच्या कागदाला टेकलेलं. त्या कागदाला काका रॉकेलच्या चिमणीवर काजळी धरायचे. मज्जातंतूला विजेचा हलका चिमटा दिला की पाय एकदा उडायचा आणि काजळीत एक पांढरी उभी रेघ उमटायची. एक चिमटा, एक रेघ. मग मी विषाचा थेंब सोडायचे.

त्यानंतर जे व्हायचं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एका चिमट्याला पाय एकदा उडून थांबायचाच नाही. उडतच राहायचा. मज्जातंतूच्या पापुद्र्यात सोडियम आत येण्यासाठी बारीक दारं असतात. निरोप आला की ती उघडतात आणि क्षणात मिटतात. ती मिटतात म्हणून निरोप संपतो. विंचवाचं विष त्या दारांना मिटू देत नाही. मग तंतू तोच निरोप पुन्हा पुन्हा स्नायूकडे पाठवत राहतो, स्नायू बिचारा आखडत राहतो, आणि कागदावर रेघांचं जंगल होतं. हे काही मिनिटं चालायचं. मग जंगल विरळ व्हायचं, रेघा बुटक्या व्हायच्या आणि शेवटी एक सपाट आडवी रेघ तेवढी राहायची. तंतूच्या टोकाशी स्नायूला हाक मारणारं रसायन संपत आलेलं असायचं, आता कितीही चिमटे दिले तरी पाय हलत नसे.

सुरुवातीला मी वहीत त्या सपाट रेघेपुढे "शांत" असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी ते लाल पेनाने खोडलं आणि बाजूला लिहिलं, शांत नव्हे, निकामी. मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं.

मे महिन्यात कॉलेज बंद झालं. प्रयोगशाळेला कुलूप लागणार आणि किल्ली कार्यालयात जाणार. माझ्याकडे तेव्हा बारा विंचू होते. एका बरणीत दोन ठेवले की एक दुसऱ्याला खातो म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी, बरणीवर नंबर, तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर. कुणाचं विष कधी काढलं ते वहीत लिहिलेलं. विष काढलेला विंचू खाणीतून नव्याने आलेल्यांत मिसळू नये म्हणून माझ्या प्रत्येक विंचवाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका. आता दीड महिना यांना पाणी कोण दाखवणार? मी ठरवलं, घरी न्यायचे.

काका म्हणाले, "बाई, ह्यांना घरी नेऊ नका. खाणीत सोडतो. जूनला परत धरून देतो."

"आणि माझ्या नोंदींचं काय?" मी म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू?"

बारा बरण्या खोक्यात घालून त्यांनीच माझ्या घरी आणून दिल्या. मोरीवरच्या उंच फळीवर मी त्या ओळीने मांडल्या. लेकीला बजावलं, तिकडे बघायचं पण नाही. कॉलेजात मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

रोज सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून मी मोजायचे. एक, दोन, तीन. बारा झाले की माझा श्वास सुटायचा. आठवडाभर बारा भरले. नवव्या दिवशी सकाळी अकरा भरले.

सात नंबरच्या बरणीचं फडकं एका बाजूने लोंबत होतं. मेच्या उकाड्यात रबर चिकट होऊन तुटलं होतं. बरणी रिकामी.

मी स्टुलावरून उतरले. लेक खाली ओट्याशी दूध पीत बसली होती. मी तिला उचललं, पलंगावर उभं केलं आणि म्हटलं, "इथून खाली पाय टाकायचा नाही. आपण नवीन खेळ खेळतोय." मग मी अख्खं घर झाडलं. गाद्या झटकल्या, चपला आपटल्या, ट्रंका सरकवल्या, चुलत्याने पाठवलेली तांदळाची पोती उलटीपालटी केली. काही सापडलं नाही. पलंगाचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले.

काकांना सांगायला हवं होतं. त्यांनी येऊन शोधलं असतं, त्यांना विंचवाच्या लपायच्या जागा माझ्यापेक्षा चांगल्या माहीत होत्या. पण त्यांनी "घरी नेऊ नका" म्हटलेलं होतं ना, मग मी कसली सांगते. दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. शेजारणीने विचारलं, "काय हो, सारखी साफसफाई चाललीय?" मी म्हटलं, ढेकूण झालेत. रात्री झोप नाही, दिवसा घास उतरत नाही. लेक खेळाला कंटाळली होती. तिसऱ्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की तो मोरीच्या भोकातून बाहेर गेला असणार. कुठेच सापडत नाही म्हणजे गेलाच असणार.

एक जागा मी पाहिली नव्हती. पलीकडच्या खोलीत कोपऱ्यात पेंढ्यात आंबे पिकत घातले होते. पेंढा वरून हलवला होता, पण आतपर्यंत हात घालायचं धैर्य झालं नव्हतं. मी भित्री, ते मी सांगितलंच.

दुपारी तीनच्या सुमारास लेक पिकला आंबा शोधायला गेली. तिची किंकाळी ऐकली आणि मी धावले. उजव्या हाताचं मधलं बोट धरून ती उभ्या उभ्या नाचत होती. पेंढ्यावर तो होता. लाल, नांगी वर केलेली, पाठीवर माझाच पांढरा ठिपका. मी वाडगा उचलून त्याच्यावर पालथा घातला.

आता यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलं आहे. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, पण रिक्षा मिळत होत्या. या विषाने काय होतं ते अख्ख्या गावात माझ्याइतकं कुणी वाचलेलं नसेल. तरी लेकीला कडेवर घेऊन माझे पाय दवाखान्याकडे वळले नाहीत. ते काकांच्या खोलीकडे वळले. जवळ होती म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट ही की डॉक्टर विचारणार, विंचू कुठून आला, आणि काका ते विचारणार नव्हते.

काकांनी खरंच काही विचारलं नाही. लेकीला उंबऱ्यावर बसवलं, मूळ काढलं. ती रडून रडून लाल झाली होती. मी तिला मागून धरून बसले होते आणि मीही रडत होते.

"बाय माझी, कुठवर आला गं?"

"इथे," ती म्हणाली आणि खांदा दाखवला.

मूळ फिरत राहिलं. काकांचं पुटपुटणं चालू होतं. बराच वेळ ती खांदाच दाखवत होती. मी पुढे वाकून तिच्या तोंडाकडे पाहत होते. माझी बडबड चालू होती, "उतरतोय ना बाळा? उतरतोय ना? सांग काकांना."

"आता इथे," तिने कोपर दाखवलं.

माझ्या जिवात जीव आला. मी हसले, तिचा मुका घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मनगट दाखवलं. मग बोट. आणि शेवटी म्हणाली, "गेला."

मला पुन्हा रडू फुटलं. ज्या मंत्राची मी स्टाफरूममध्ये टिंगल केली होती त्याच्यापुढे मी हात जोडले. ती आता शांत बसली होती, रडत नव्हती, हात मांडीवर ठेवून नुसती समोर बघत होती. "बघा काका, उतरला," मी म्हटलं. "शांत झाली बघा."

काका उठले नाहीत. त्यांनी तिचा तळहात आपल्या हातात घेतला. मग कपाळाला हात लावला. मग झग्याच्या पाठीला.

"बाई," ते म्हणाले, "हात गार पडलाय. अंग घामान भिजलंय."

"उकाडा आहे काका. ती म्हणतेय ना गेला."

"म्हनू दे. हे माझ्या हातातलं नाय. उठा, दवाखान्यात चला."

"अहो, पण उतरला ना?"

तेव्हा ते माझ्यावर ओरडले. पाच वर्षांत पहिल्यांदा. "उठा म्हनतो ना. असंच शांत झालेलं एक पोरगं मी घरी धाडलंय. दिस उगवायच्या आत गेलं. उठा."

मी उठले. काकांनीच तिला उचललं आणि पायात काही न घालता रस्त्यावर पळत जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात तिला उलटी झाली. मग पुन्हा झाली. ओठ पांढरे पडले होते. छाती इतकी जोरात उडत होती की झग्यावरून दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? हिशेब. सात नंबरचं विष बारा दिवसांपूर्वी काढलंय. नांगीची पिशवी पंधरवड्यात पुन्हा भरते, असं माझ्याच अक्षरात वहीत लिहिलंय. म्हणजे जवळजवळ भरलेली. विषातला झुरळासाठी असलेला भाग वेगळा, कणा असलेल्या प्राण्यांसाठीचा वेगळा, हेही मला पाठ होतं. माझ्या लेकीच्या अंगातली दारं आता मिटत नव्हती, हे मला कागद न पाहता दिसत होतं. आणि तिच्या गप्प बसण्यापुढे मी पुन्हा एकदा "शांत" लिहून मोकळी झाले होते. मी तिचे गार तळवे चोळत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि लगेच आत घेतलं. "कधी चावला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "पाऊण तास."

"दीड तास झाला, साहेब," काका मागून म्हणाले. "तास सव्वा तास मीच घालवला, मंत्र म्हनत."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती खरं तर माझ्या वाट्याची होती. मी तोंड उघडलं नाही. लाल की काळा, असं विचारलं तेव्हा लाल म्हटलं, आणि त्याच्या पाठीवर काय होतं ते सांगितलं नाही.

संध्याकाळी तिला खोकला सुरू झाला आणि श्वास घरघरायला लागला. हृदयाला ताण सोसत नाही, फुफ्फुसात पाणी होतंय, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाबावरची एक लहानशी गोळी ते तिला पाण्यात विरघळवून चमच्याने पाजत होते. ही गोळी विंचवासाठी आम्ही नव्यानेच वापरतोय, गुण येतो, असंही म्हणाले. मी विचारलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." आताचं काही सांगितलं नाहीच. मी त्या लोखंडी खाटेचा पाय धरून जमिनीवर बसले. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. देवाला नवस बोलावा तर तोंड नव्हतं. काका बाहेर व्हरांड्यात बसून होते.

सकाळी तिचे हात कोमट झाले. आधी मला वाटलं, माझाच हात गरम असेल. मग गालाला लावून पाहिला. घरघर कमी झाली होती. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, आता हरकत नाही. मी बाहेर जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "त्या बरण्यांची किल्ली द्या." घराची किल्ली म्हणायचं होतं त्यांना. बाराही विंचू त्यांनी त्याच दिवशी खाणीत सोडले, वाडग्याखालचा धरून. मी नोंदींचा विषय काढला नाही. डॉक्टरांना मात्र त्या सकाळी सगळं सांगितलं, ठिपक्यासकट, आणि तो सव्वा तास कुणाचा तेही. ते एवढंच म्हणाले, पोरीजवळ जाऊन बसा.

दुपारी ती उशीला टेकून बसली, पेज प्यायली. बोट अजून सुजलेलं होतं. मी केस विंचरत होते तेव्हा तिने विचारलं, "आई, काका रागावलेत का माझ्यावर?"

"तुझ्यावर का रागावतील?"

"मी खोटं बोलले म्हणून. उतरला नव्हता. खूप दुखत होतं."

मी फणी खाली ठेवली. "मग गेला असं का म्हणालीस बाळा?"

"तू रडत होतीस ना," ती म्हणाली. "मी कोपर म्हटलं तेव्हा तू हसलीस. म्हणून मग मी पुढचं पण म्हटलं."